पिवळा दगड आणि संताचे चित्र

रसेल होबन यांची 'रिडली वॉकर' ही इंग्रजी कादंबरी १९८० साली प्रसिद्ध झाली. अणुयुद्धाने सारे जग उद्ध्वस्त झाल्यानंतर दोन हजारांहून अधिक वर्षांनी इंग्लंडच्या केंट परगण्यात काय उरले असेल, याची कल्पना करून ती लिहिलेली आहे. एका जीवघेण्या, जादूच्या मानल्या गेलेल्या पदार्थाच्या शोधाभोवती तिचे कथानक फिरते. अशा कादंबऱ्यांची इंग्रजीत वाण नाही. त्यांतील बहुतेक एकदा वाचून विसरण्याजोग्या असतात. तरीही या एका कादंबरीविषयी आमच्या वाचकांशी सविस्तर बोलावे असे आम्हांस वाटते. तिच्या मुळाशी एका ख्रिस्ती संताचे चित्र आहे, आणि त्या चित्राचे चुकीचे वाचन हाच तिचा खरा विषय आहे, हे त्याचे कारण.

होबन हे कॅथोलिक नव्हते. १९२५ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात, पूर्व युरोपातून स्थलांतरित झालेल्या ज्यू आईवडिलांच्या पोटी त्यांचा जन्म झाला. दुसऱ्या महायुद्धात ते इटलीच्या आघाडीवर लढले. पुढे चित्रकार आणि बालसाहित्यिक म्हणून त्यांनी नाव मिळविले. १९६९ साली ते लंडनला आले आणि २०११ साली तेथेच निवर्तले. मार्च १९७४ मध्ये त्यांनी कँटरबरीच्या कॅथेड्रलला प्रथमच भेट दिली. तेथील भिंतीवर पंधराव्या शतकात रंगविलेले संत युस्टेस यांच्या जीवनकथेचे चित्र काळाच्या ओघात फिकट झाले आहे. ई. डब्ल्यू. ट्रिस्ट्रम या अभ्यासकाने त्याची पुनर्रचना करून काढलेले चित्र होबन यांनी पाहिले आणि त्यातून ही कादंबरी सुचली, असे त्यांनी स्वतःच नमूद केले आहे. ती पूर्ण करण्यास त्यांना पाच वर्षांहून अधिक काळ लागला. एवढ्या परिश्रमांनंतर हाती आलेले पुस्तक मोठे नाही. परंतु त्यातील प्रत्येक ओळ कोरून काढल्यासारखी आहे.

संत युस्टेस यांची आख्यायिका आमच्या बहुतेक वाचकांना ऐकून ठाऊक असेल. तरी थोडक्यात ती येथे देतो. सम्राट त्राजानच्या काळी प्लासिडस नावाचा एक रोमन सेनानी शिकारीस गेला असता एका भव्य हरणाचा पाठलाग करू लागला. हरिण कड्यावर थांबले, वळले, आणि त्याच्या शिंगांमध्ये क्रुसावरील ख्रिस्ताची तेजस्वी आकृती दिसली. तू माझा पाठलाग का करतोस, असे त्या आकृतीने शिकाऱ्याला विचारले. प्लासिडसने सहकुटुंब स्नानसंस्कार घेतला आणि युस्टेस हे नाव धारण केले. त्यानंतर त्याची मालमत्ता गेली, पत्नीला जहाजाच्या कप्तानाने ठेवून घेतले, दोन्ही मुलांना हिंस्र पशूंनी पळविले. पुष्कळ वर्षांनी सारे कुटुंब पुन्हा एकत्र आले. आणि मूर्तिपूजेस नकार दिल्यामुळे त्या सर्वांनाच पितळी बैलाच्या पोटात घालून भाजून मारण्यात आले. १९६९ च्या सुधारणेत त्यांचा सण रोमच्या सार्वत्रिक दिनदर्शिकेतून वगळण्यात आला. मात्र २० सप्टेंबर या तारखेखाली त्यांचे नाव रक्तसाक्ष्यांच्या नामावलीत आजही आहे.

आता कादंबरीकडे वळू. बारा वर्षांचा रिडली वॉकर हा तिचा नायक आणि निवेदक. वयात आल्याची खूण म्हणून तो भाल्याने रानडुक्कर मारतो, आणि त्यानंतर काही दिवसांतच त्याचा बाप चिखलातून जुने यंत्र ओढून काढताना त्याखाली चिरडून मरतो. या जगात लोखंड खाणीतून येत नाही. पूर्वजांची गाडली गेलेली यंत्रे उकरून ते मिळविले जाते. माणसे कुंपणाच्या आत राहतात. कुंपणाबाहेर माणसे खाणाऱ्या कुत्र्यांचे कळप फिरत असतात. पाऊस, चिखल आणि भूक यांपलीकडे फारसे काही उरलेले नाही. राज्यकर्ते गावोगाव कळसूत्री बाहुल्यांसारखा हातबाहुल्यांचा खेळ घेऊन हिंडतात. तोच त्यांचा जाहीरनामा, तीच त्यांची प्रार्थना आणि तेच वर्तमानपत्र. खेळ संपल्यावर त्याचा अर्थ गावकऱ्यांना सांगण्यासाठी प्रत्येक वस्तीवर एक माणूस नेमलेला असतो. बापामागे हे काम रिडलीकडे येते. आपल्याकडील प्रवचनकाराशी त्याची तुलना केल्यास ती अगदीच अस्थानी ठरणार नाही.

या कादंबरीची भाषा हा तिचा सर्वांत मोठा पराक्रम आणि सर्वांत मोठा अडसरही आहे. होबन यांनी ती रूढ इंग्रजीत लिहिलेलीच नाही. दोन हजार वर्षांच्या तोंडी वापराने झिजलेली, व्याकरण हरवलेली, ऐकून लिहिल्यासारखी अशी एक इंग्रजी त्यांनी घडविली. गावांची नावेही झिजली आहेत : कँटरबरीचे 'कॅम्ब्री' झाले आहे, आणि डोव्हरचे असे काही झाले आहे की त्याचा अर्थ 'पुन्हा तेच कर' असा होतो. बसईं, बासीन आणि वसई या तीन नावांतून एकाच भूमीचा इतिहास वाचणाऱ्या आमच्या उत्तर कोकणातील वाचकांना हा प्रकार परका वाटू नये. पंतप्रधान या पदाच्या इंग्रजी नावाचे येथे 'प्राय मिन्सर' झाले आहे. म्हणजे दुसऱ्याच्या कामात नाक खुपसणारा आणि खिमा करणारा. इंग्लंडचे आर्चबिशप ज्या नावाने ओळखले जातात ते नावही 'आर्डशिप' असे झिजून त्यात हालअपेष्टांचा अर्थ शिरला आहे. ही केवळ गंमत नव्हे. शब्द झिजताना त्यांच्या आत दडलेले सत्य बाहेर पडते, असा लेखकाचा विश्वास यात दिसतो. या पुस्तकाशी झुंज घेऊ पाहणाऱ्याने ते मोठ्याने वाचावे, असे आम्ही सुचवू. डोळ्यांना जो शब्द अनोळखी वाटतो, तो कानांना पुष्कळदा ओळखीचा निघतो.

या चिखलात एक वस्तू मात्र सोन्यासारखी मोलाची आहे. तिला ही माणसे पिवळा दगड म्हणतात. तो गुपचूप बाहेरून आणला जातो, हातोहात लपविला जातो, त्यासाठी खून पडतात. त्याचे काय करायचे हे नेमके कोणालाच ठाऊक नसते. तरी तो मिळाला की पूर्वजांचे सामर्थ्य परत येईल, अशी सर्वांची समजूत असते. वाचकाला काही पानांनंतर उलगडा होतो की हा दगड म्हणजे साधा गंधक. त्यात कोळसा आणि सोरा मिसळला की बंदुकीची दारू होते. एकेकाळी ज्यांनी अणू फोडला त्यांच्या वंशजांना आता दारूची कृती शोधण्यासाठी धडपडावे लागते, आणि तीही त्यांना जादूच वाटते.

आपल्या भाषेत या पदार्थासाठी असलेला शब्द येथे विचारात घेण्याजोगा आहे. 'दारू' हा फारसी शब्द. त्याचा मूळ अर्थ औषध. 'दवादारू' या जोडशब्दात तो अर्थ आपण अजून जपला आहे. पुढे तोच शब्द मद्याला लागला आणि तोच तोफेत ठासण्याच्या भुकटीलाही. चिनी भाषेतही या भुकटीला अग्नीचे औषध अशाच अर्थाचे नाव आहे, आणि सुमारे अकराशे वर्षांपूर्वी चीनमध्ये तिचा शोध लागला तो दीर्घायुष्याचे रसायन शोधणाऱ्यांच्या खटपटीतून, असे इतिहासकार मानतात. औषध, नशा आणि स्फोट हे तिन्ही अर्थ एकाच शब्दात नांदावेत, यात मानवी इतिहासाचा बराच मोठा भाग सामावलेला आहे. होबन यांच्या पिवळ्या दगडातही हे तिन्ही अर्थ आहेत. गूडपार्ली हा कादंबरीतील राज्यप्रमुख तो दगड शोधतो तो आपल्या लोकांच्या दैन्यावर उतारा म्हणून; शोधता शोधता त्याला त्याची नशा चढते; आणि शेवट स्फोटात होतो.

या लोकांची एक धर्मकथा आहे. राज्यकर्त्यांचा खेळ तिच्यावरच बेतलेला असतो. तिचा नायक युसा. संत युस्टेस यांचे नाव झिजून ते असे झाले आहे, आणि त्यात अमेरिकेच्या नावाची आद्याक्षरेही ऐकू येतात. युसा हा अतिशय चतुर माणूस. युद्ध जिंकण्यासाठी त्याला एका सूक्ष्म वस्तूचा शोध घ्यायचा असतो. तो रानाच्या अंतर्भागात शिरतो, तेथे त्याला हरिण भेटते, आणि हरणाच्या शिंगांमध्ये हात पसरून उभा असलेला एक छोटा तेजस्वी माणूस दिसतो. त्या माणसाचे नाव कादंबरीत असे लिहिले आहे की त्यात 'अ‍ॅटम' आणि 'आदाम' हे दोन्ही शब्द एकदम ऐकू यावेत. युसा त्या माणसाचे दोन्ही हात धरून ओढतो, ओढतच राहतो, आणि अखेरीस तो मधोमध फाटतो. त्यातून जो अग्नी निघतो त्याने जग जळते.

हा प्रसंग वाचताना ख्रिस्ती वाचकाच्या अंगावर काटा आल्यावाचून राहणार नाही. अणूचे विभाजन, आदामाचा अधःपात आणि क्रुसावरचा मृत्यू या तीन गोष्टी होबन यांनी एका चित्रात गुंफल्या आहेत. आणि त्या गुंफण्यासाठी त्यांना फक्त एका संताच्या आख्यायिकेतील एक क्षण उलटा करावा लागला आहे. मूळ कथेत शिकारी हरणासमोर गुडघे टेकतो, कारण त्याला प्रश्न ऐकू येतो. युसा मात्र ऐकण्यासाठी थांबत नाही. त्याला उत्तर हवे असते, आणि ते तो हाताने ओढून काढतो. क्रुसावरील आकृती दोघांच्याही समोर आहे. फरक पडतो तो तिच्यासमोर उभे राहण्याच्या रीतीत.

कादंबरीचा मध्यवर्ती प्रसंग म्हणजे गूडपार्लीचे वाचन. कँटरबरीच्या त्या भित्तिचित्राचे वर्णन करणारा जुन्या काळचा एक छोटा मजकूर या राज्यकर्त्यांकडे परंपरेने आलेला असतो. कॅथेड्रल पाहायला येणाऱ्यांसाठी लिहिलेली चार ओळींची माहिती असावी, तसे त्याचे स्वरूप. आपल्या दृष्टीने त्यात काहीच गूढ नाही. गूडपार्ली मात्र तो मजकूर रिडलीसमोर ठेवून शब्दाशब्दाचा कीस काढतो. संत या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे संक्षिप्त रूप त्याला 'धाडलेला' असे वाटते. म्हणजे हा युस्टेस आपोआप आला नाही, त्याला कोणीतरी पाठविले. क्रुसावर खिळलेला या अर्थाच्या शब्दात त्याला धातू वितळविण्याची मूस दिसते. हरणाला जुन्या इंग्रजीत 'हार्ट' म्हणतात आणि काळजालाही 'हार्ट'च. तेव्हा रानातले हरिण म्हणजे लाकडाचे काळीज, आणि लाकडाचे काळीज म्हणजे जाळल्यावर उरणारा कोळसा, असा अर्थ या जगात लागतो. अशा रीतीने संताची आख्यायिका ही एका मिश्रणाची सांकेतिक कृती आहे, असे त्याचे मत बनते.

हा प्रसंग विनोदी आहे यात शंका नाही. परंतु हसता हसता वाचकाला एक अडचण जाणवू लागते. गूडपार्ली मूर्ख नाही. त्याचा प्रत्येक तर्क आपापल्या जागी चोख आहे. आणि सर्वांत विलक्षण गोष्ट अशी की त्याला हवे ते अखेर सापडते. कोळसा खरोखर कोळसाच निघतो, पिवळा दगड खरोखर गंधक निघतो, आणि मिश्रण खरोखर पेट घेते. चुकीच्या वाचनातून खरा स्फोट होतो. होबन यांनी गूडपार्लीला केवळ खोटे पाडले असते तर ही कादंबरी एक प्रहसन होऊन राहिली असती. त्यांनी त्याला त्याच्या उद्दिष्टात यशस्वी केले, म्हणून ती शोकांतिका झाली.

या माणसाविषयी लेखकाला वाटणारी करुणाही लक्षात घेतली पाहिजे. पूर्वज हवेतून जहाजे चालवीत होते, वाऱ्यावरून चित्रे पाठवीत होते, एवढे त्याला ठाऊक आहे. आणि आपले लोक चिखलात कुदळ मारीत जगत आहेत, हेही तो रोज पाहतो. जुन्या वैभवाची ओढ लागणे हा अपराध नव्हे. एका भग्न वीजकेंद्रातील चकाकणारी मोडकी यंत्रे पाहून रिडली स्वतःही रडतो : आपण काय होतो आणि काय झालो, या विचाराने. गूडपार्लीचा मार्ग नाकारणाऱ्यालाही त्याची तहान नाकारता येत नाही. ज्यांनी गरिबी जवळून पाहिली आहे ते विज्ञानाला सरसकट पाप ठरविणार नाहीत. होबनही ठरवीत नाहीत.

येथे दुसऱ्या एका कादंबरीची आठवण होणे अपरिहार्य आहे. वॉल्टर मिलर यांची 'अ कँटिकल फॉर लिबोविट्झ' ही कादंबरी १९५९ साली प्रसिद्ध झाली. मिलर हे दुसऱ्या महायुद्धात बॉम्बफेकी विमानाच्या ताफ्यात होते. १९४४ साली माँते कासिनो येथील संत बेनेडिक्ट यांच्या प्राचीन मठावर झालेल्या बॉम्बहल्ल्यात त्यांचा सहभाग होता. युद्धानंतर, १९४७ साली, त्यांनी कॅथोलिक श्रद्धा स्वीकारली. त्यांच्या कादंबरीतही अणुयुद्धाने जग संपलेले आहे, आणि वाळवंटातील एक मठ विज्ञानाची उरलीसुरली कागदपत्रे जपतो आहे. एका विद्युत-आराखड्याची नक्कल सोनेरी वेलबुट्टीने सजविण्यात एक साधा व्रतस्थ आपल्या आयुष्याची वर्षानुवर्षे वेचतो. आराखडा कशाचा हे त्याला ठाऊक नाही. तो त्याच्या दृष्टीने एका संताचा अवशेष आहे.

या दोन कादंबऱ्या शेजारी ठेवल्या म्हणजे एक मोठी मौज दिसते. मिलर यांचे मठवासी विज्ञानाचा कागद धर्मग्रंथ म्हणून वाचतात. होबन यांचे राज्यकर्ते धर्मकथा विज्ञानाचा कागद म्हणून वाचतात. दोन्ही वाचने चुकीची आहेत. तरी पहिल्या चुकीने कोणाचा जीव जात नाही. मठातील व्रतस्थ त्या कागदाकडून काहीच मागत नाही; तो त्याला काही देऊ पाहतो. गूडपार्ली त्या मजकुराकडून केवळ घेऊ पाहतो. मिलर यांच्याही कादंबरीत पुढच्या शतकांत ते जपलेले ज्ञान हुशार माणसांच्या हाती जाते आणि जग पुन्हा जळते, हे खरे. परंतु वाचकाच्या मनात राहतो तो सोनेरी वेलबुट्टी काढणारा निरुपयोगी भाबडा माणूस.

एखाद्यास वाटेल की हे सारे कल्पनेचे खेळ आहेत; धर्मभाषा आणि स्फोटके यांची अशी सरमिसळ प्रत्यक्षात कोठे होते? दुर्दैवाने ती झाली आहे. १६ जुलै १९४५ रोजी न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात जगातील पहिल्या अणुबॉम्बची चाचणी झाली. तिला 'ट्रिनिटी', म्हणजे पवित्र त्रैक्य, असे नाव देण्यात आले होते. प्रमुख शास्त्रज्ञ ओपेनहायमर यांनी पुढे त्या नावाचा संबंध जॉन डन यांच्या भक्तिपर कवितेशी जोडला. त्यानंतर महिनाभरातच, ९ ऑगस्ट रोजी, नागासाकीवर टाकलेला बॉम्ब उराकामी येथील कॅथेड्रलपासून जवळच फुटला. शतकानुशतके छळ सोसून ज्यांनी श्रद्धा टिकविली त्या जपानी कॅथोलिकांचे ते मंदिर होते. त्या धर्मग्रामातील हजारो माणसे मरण पावली. आपला देशही यातून अलिप्त नाही. होबन यांनी ज्या वर्षी ही कादंबरी लिहावयास घेतली त्याच वर्षी, १८ मे १९७४ रोजी, पोखरण येथे भारताने पहिली अणुचाचणी केली. ती 'हसरा बुद्ध' या नावाने ओळखली जाते. करुणेचा उपदेश करणाऱ्याचे नाव आणि पवित्र त्रैक्याचे नाव अशा ठिकाणी वापरताना ते वापरणारे क्रूर नव्हते. कदाचित समोर जे दिसणार होते त्यासाठी त्यांना दुसरी पुरेशी मोठी भाषाच सापडली नसावी. परंतु हेच तर गूडपार्लीचे वाचन. भक्तीची भाषा हाती आहे, तिचे वजन जाणवते आहे, आणि तिचा प्रश्न मात्र ऐकू येत नाही.

२४ नोव्हेंबर २०१९ रोजी हिरोशिमा येथे पोप फ्रान्सिस यांनी अण्वस्त्रांचा वापरच नव्हे तर ती बाळगणे हेही अनैतिक असल्याचे सांगितले. त्या विधानाकडे केवळ राजकीय भूमिका म्हणून पाहणाऱ्यांनी ही कादंबरी वाचावी. कारण तिच्यातील पिवळा दगड वापरला जाण्यापूर्वीच माणसे मारू लागतो. तो जवळ असल्याच्या संशयावरून खून होतात, तो मिळण्याच्या आशेने सत्ता उलथते. बाळगणे आणि वापरणे यांतील अंतर आपण मानतो तेवढे मोठे नाही, हे येथे तत्त्वज्ञानाने न सांगता कथानकाने दाखविले आहे.

शेवटाकडे गूडपार्ली सत्ता गमावतो, त्याचे डोळे काढले जातात, आणि ज्या वृद्धाने त्याला लहानपणी सांभाळले होते त्याच्या अंगणात दारूच्या स्फोटात दोघेही मरतात. स्वतः रिडलीही या शोधात निष्पाप राहत नाही. पिवळा दगड त्याच्याही हाती आलेला असतो आणि सामर्थ्याची ओढ त्यालाही लागलेली असते. तिच्यामागे धावत तो कॅम्ब्रीला पोहोचतो. उद्ध्वस्त कॅथेड्रलच्या तळघरात दगडी खांब रानातल्या झाडांसारखे उभे असतात. त्या जागेला तो गर्भाशय म्हणतो. तेथे तो काही शोधीत नाही, काही उकरीत नाही, थांबतो. पुढे त्याच्या मनाशी हळूहळू उलगडत जाते की सामर्थ्यासाठी झटणे सोडून देण्यातच काय ते सामर्थ्य आहे. संताचे चित्र ज्या इमारतीत होते, त्याच इमारतीत त्या चित्राचा खरा अर्थ एका बारा वर्षांच्या मुलाला लागतो. आणि तोही चित्र न पाहता.

आता आमचे आक्षेप. पहिला असा की होबन यांच्या जगात स्त्रिया जवळजवळ नाहीत. सुरुवातीस भविष्य सांगणारी एक वृद्धा भेटते, आणि मग कथा पुरुषांच्या सत्तास्पर्धेत हरवते. या चिखलात मुले कोण वाढविते, आजाऱ्याच्या उशाशी कोण बसते, हे आम्हांस जाणून घ्यावेसे वाटले. जगबुडीनंतर माणुसकी टिकते ती अशाच हातांनी. आणि तीच नजरेआड राहिल्यामुळे या जगाचे चित्र आवश्यकतेहून अधिक काळे झाले आहे.

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. संत युस्टेस यांच्या आख्यायिकेचा पूर्वार्ध होबन यांनी पुरेपूर वापरला; उत्तरार्धातील वियोगही घेतला; परंतु पुनर्भेट घेतली नाही. मूळ कथेत हरवलेली मुले सापडतात, पती-पत्नी एकमेकांना ओळखतात, आणि मरण येते ते सर्वांना एकत्र असताना. युसाला मात्र केवळ भटकणे आहे, केलेल्या पापाचे एकामागून एक बदल सोसत जाणे आहे. या कादंबरीला पश्चात्ताप कळतो. क्षमा कळत नाही. रिडलीचा त्याग सुंदर असला तरी तो एकट्याचा आहे. तो सत्तेपासून दूर जातो, पण दारूची कृती मागे राहते, आणि ती शिकलेली माणसेही. लेखकाने आम्हांला आशा देण्याचे वचन दिले नव्हते, हे मान्य. तरीही ज्या संतावर त्यांनी आपली इमारत उभारली त्या संताच्या कथेत आशा होती. ती का गाळली, हा प्रश्न विचारण्याचा अधिकार वाचकाला आहे.

असे असले तरी या कादंबरीने श्रद्धावंत वाचकासमोर ठेवलेला प्रश्न टाळता येण्याजोगा नाही. तो केवळ अणुबॉम्ब करणाऱ्यांना विचारलेला नाही. आपणही आपल्या पवित्र कथा अनेकदा काहीतरी मिळविण्यासाठी वाचतो : वादात प्रतिपक्षाला गप्प करण्यासाठी, आपल्या गटाचे मोठेपण सिद्ध करण्यासाठी, नवसाला पावण्याची हमी म्हणून, किंवा येणाऱ्या संकटांच्या तारखा काढण्यासाठी. प्रकटीकरणाच्या पुस्तकातील आकड्यांवरून जगाच्या अंताचा हिशेब मांडणारे आणि चार ओळींच्या मजकुरातून कोळशाची कृती काढणारा गूडपार्ली यांत जातीचा भेद नाही. त्यांचाही प्रत्येक तर्क आपापल्या जागी चोख असतो.

कादंबरीच्या अखेरीस रिडली राज्याचा अधिकृत खेळ टाकून देतो. चिखलात सापडलेली कुबड्या पंचची जुनी बाहुली घेऊन तो गावोगाव हिंडू लागतो. या खेळात कोणताही उपदेश नाही, कोणत्याही सत्तेचा संदेश नाही. पंच मात्र दरवेळी तान्ह्या बाळाच्या जिवावर उठतो, आणि तो असे का करतो हे रिडलीला समजत नाही. न समजताच तो खेळ करीत राहतो आणि आपल्या न समजण्याकडे पाहत राहतो. ज्याला प्रत्येक गोष्टीचा उपयोग हवा असतो त्याला हा शेवट निरर्थक वाटेल. शिंगांमधून आलेल्या प्रश्नापुढे जो शिकारी थांबला, त्यालाही त्या क्षणी सारे समजले होते असे आख्यायिका सांगत नाही. त्याने गुडघे टेकले, एवढेच ती सांगते.